आज्ञावली : तयार घ्यावी की स्वतः घडवावी?



तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात दहा हजार पुस्तके आहेत असे समजा. कोणते पुस्तक कोणाकडे आहे, ते केव्हा परत यायचे, ही सारी नोंद संगणकात ठेवायची तर डेटाबेस सांभाळणारी आज्ञावली हवी. 'पोस्टग्रेस्क्यूएल' ही अशीच एक प्रसिद्ध आज्ञावली आहे. १९८६ साली अमेरिकेतील बर्कली येथे, कॅलिफोर्निया विद्यापीठात, प्रा. मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली या कामाची सुरुवात झाली. १९९६ पासून ती आजच्या नावाने ओळखली जाते. लिनक्सवर ती दोन प्रकारे बसवता येते : तयार मिळते तशी, किंवा मूळ मजकुरापासून स्वतः घडवून. या दोहोंत फरक कोणता, ते आज पाहू.

माणसाची भाषा आणि यंत्राची भाषा

पोस्टग्रेस्क्यूएल मुख्यतः 'सी' भाषेत लिहिलेली आहे. हा मजकूर माणसाला वाचता येतो. त्याला 'सोर्स कोड' म्हणतात. पण प्रोसेसरला 'सी' कळत नाही. त्याला ० आणि १ यांत मांडलेल्या सूचनाच कळतात. हे भाषांतर जी आज्ञावली करते, ती 'कंपायलर'. भाषांतर होऊन तयार झालेल्या फायली म्हणजे 'बायनरी'.

दुकानातून पीठ विकत आणावे, की धान्य घेऊन गिरणीत जावे, असाच हा प्रश्न आहे. तयार पीठ आणले की वेळ वाचतो. पण लाडवांसाठी बेसन जाडसर हवे असेल तर ते गिरणीवाल्याला दळण्यापूर्वीच सांगावे लागते. एकदा बारीक झालेले पीठ पुन्हा जाडसर होत नाही!

घडवण्याच्या पायऱ्या

पहिली पायरी 'कॉन्फिगर'. तुमच्या संगणकावर कंपायलर आहे का, लागणारी इतर साधने आहेत का, याची ती तपासणी करते. एखादे आवश्यक साधन नसेल तर काम तेथेच थांबते. दुसरी पायरी 'मेक'. यात शेकडो फायलींचे भाषांतर होते आणि ते तुकडे एकमेकांना जोडले जातात. तिसरी पायरी 'मेक चेक'. घडलेली आज्ञावली बरोबर चालते की नाही, याची ही परीक्षाच होय. शेवटी 'मेक इन्स्टॉल'ने सर्व फायली ठरलेल्या जागी जाऊन बसतात.

दळण्यापूर्वी काय ठरते?

पोस्टग्रेस्क्यूएल माहितीचे ठोकळे करून साठवते. एक ठोकळा सामान्यतः ८ किलोबाइटचा, म्हणजे ८,१९२ बाइटचा असतो. प्रत्येक ठोकळ्याला ३२ बिटांचा क्रमांक दिलेला असतो. म्हणून एका कोष्टकात जास्तीत जास्त सुमारे २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ ठोकळे मावतात. यास ८,१९२ ने गुणा. उत्तर येते ३२ टेराबाइट. एका कोष्टकाची मर्यादा हीच!

ठोकळ्याचे माप १ ते ३२ किलोबाइटपर्यंत बदलता येते. पण ते कंपाइल करण्यापूर्वीच सांगावे लागते. तयार बायनरीत ते बदलता येत नाही. शिवाय ८ किलोबाइटच्या ठोकळ्यांत साठवलेली माहिती ३२ किलोबाइटसाठी घडवलेली आज्ञावली उघडणारच नाही. तेव्हा हा निर्णय विचारपूर्वक घ्यावा.

स्वतः घडवले की वेग वाढतो, असे पुष्कळांना वाटते. ते नेहमीच खरे नसते. डेटाबेसचा बराचसा वेळ डिस्कवरून माहिती आणण्यात जाऊ शकतो. तेथे कंपायलर काय करणार? वेग वाढला की नाही, हे मोजूनच ठरवावे.

जबाबदारी कोणाची?

पोस्टग्रेस्क्यूएलच्या दुरुस्त आवृत्त्या साधारणपणे दर तीन महिन्यांनी निघतात. त्यांत सुरक्षेच्या त्रुटीही दूर केलेल्या असतात. तयार पॅकेज वापरणाऱ्याला एका आज्ञेत त्या मिळतात. स्वतः घडवणाऱ्याने मात्र लक्ष ठेवून दर वेळी पुन्हा घडवावे लागते. त्याने आळस केला तर त्रुटी तशाच राहतात.

मग मूळ मजकूर खुला असण्याचा उपयोग काय? मार्च २०२४ मधील घटना पाहा. पोस्टग्रेस्क्यूएलचे एक विकसक आंद्रेस फ्रॉइंड डेटाबेसच्या वेगाचे मोजमाप करीत होते. दुसऱ्या संगणकावर दुरून प्रवेश करण्यास एरवी सुमारे ०.३ सेकंद लागत, आता ०.८ लागू लागले. फक्त अर्धा सेकंद! पण त्यांनी तो सोडून दिला नाही. माग काढता काढता ते 'एक्सझेड' या फायली दाबून लहान करणाऱ्या आज्ञावलीपाशी पोहोचले. तिच्या मूळ गठ्ठ्यातच, चाचणीच्या म्हणून ठेवलेल्या फायलींत, कोणी घातक भाग दडवला होता. लिनक्सची पॅकेजे घडवली जात असताना तो गुपचूप आत मिसळत असे. २९ मार्च रोजी फ्रॉइंड यांनी हे जाहीर केले. सुदैवाने बहुतेक स्थिर आवृत्त्यांपर्यंत तो भाग पोहोचला नव्हता.

यावरून दोन गोष्टी कळतात. पीठ कोणी दळले एवढेच विचारून भागत नाही. धान्य कोठून आले, हेही पाहावे लागते. आणि धान्य पाहण्याची मुभा असेल, तरच खडा सापडू शकतो.

तेव्हा शाळेच्या ग्रंथालयासाठी विश्वासू ठिकाणचे तयार पॅकेज घ्या. ते पुरेसे आहे. परंतु शिकण्यासाठी एकदा तरी स्वतः घडवून पाहा.

करून पाहा : प्रयोगासाठी वेगळी जागा ठरवून पोस्टग्रेस्क्यूएल घडवा. 'मेक'ला किती वेळ लागतो तो मोजा. सारे पुसून, एकाच वेळी चार कामे चालवण्यास सांगून पुन्हा मोजा. वेळ बरोबर चौथाई होतो का? नसेल, तर का?

गणित : ठोकळा ३२ किलोबाइटचा केला तर कोष्टकाची मर्यादा किती होईल? (उत्तर : १२८ टेराबाइट.)