पाषाणातील अक्षर आणि कागदावरील ठसा

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांपैकी दहाव्या लेण्याच्या ओवरीत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा दानलेख आहे. वर्ष ४२ मधील या दानाला लेखात ‘अखयनिवी’, म्हणजे अक्षय ठेव, म्हटले आहे. ३००० कार्षापणांपैकी २००० गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक, तर १००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने ठेवले गेले. मुद्दल मोडायचे नव्हते. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे होते.

हा ‘अक्षय’ शब्द ज्या पाषाणावर कोरला, तो मात्र झिजणारा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेला हा बेसाल्ट कठीण खरा. पण पावसाच्या पाण्यात हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल तयार होते, त्याने दगडातील खनिजांची हळूहळू माती होते आणि लोह गंजून पृष्ठभाग तांबूस पडतो. भेगांत शिरलेली मुळे दगड उकलतात. शिल्पीने छिन्नीने उभ्या कड्यातून लेणे मोकळे केले; त्याच दगडावर ऊन-पावसाची छिन्नी जवळजवळ दोन हजार वर्षे चालू आहे.

या झिजेपुढे अभ्यासकांनी ठशाचे तंत्र वापरले. लेख मऊ कुंचल्याने स्वच्छ करून त्यावर ओला कागद बसवतात, ताठ केसांच्या ब्रशने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत उतरवतात आणि वरून शाईची गादी फिरवतात. उंच भाग काळा होतो, खोल अक्षरे पांढरी राहतात. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या लेखांचे केलेले वाचन १८८३च्या नाशिक गॅझेटिअरमध्ये आले. पुढे एमिल सेनार यांनी ते ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात ठशांसह संपादित केले. पुढे दगडावरील एखादे अक्षर ढासळले, तरी त्याची त्या काळची अवस्था कागदावर वाचता येते.

अनिच्चतेचा नियम दगडालाही लागू आहे. मात्र भिंतीवर नावे खरवडणे ही निसर्गाची झीज नव्हे. ती हानी आपल्या हातची आहे आणि आपणच थांबवू शकतो. ठसा घेणे हे प्रशिक्षित जाणकारांचे काम आहे. आपल्याला करता येण्याजोगे काम म्हणजे मुलांना लेण्यांपाशी नेऊन, भिंतीला हात न लावता, तो लेख समजावून देणे. त्या विणकर-श्रेणी आज नाहीत, ते कार्षापणही चलनात नाहीत. तरी २० भिक्खूंच्या वस्त्रांची काळजी वाहणारा तो हिशेब आजही वाचता येतो.