स्वस्त बेस गिटार घ्यावी का?

प्रश्न : बेस गिटार शिकायची आहे. स्वस्तातली घेतली तर पैसे वाया जातील का?

उत्तर : नाही, मात्र थोडी रक्कम सेटअपसाठी राखून ठेवा. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये आणलेला प्रिसिजन बेस मुळातच कारखान्यात सहज बनावा असा होता : सपाट लाकडी बॉडी, स्क्रूने जोडलेली नेक, एकच पिकअप. आज तीच रचना संगणकनियंत्रित यंत्रं कापतात, म्हणून स्वस्त वाद्यातही फ्रेटच्या जागा सहसा अचूक असतात. काटकसर होते ती हातकामात. फ्रेटची टोकं बोचतात, तारा उंच राहतात, बोटं दुखतात. आणि नवशिक्याला वाटतं, दोष आपलाच! जाणकार कारागीर सेटअप करताना हे बहुतेक दुरुस्त करून देतो. ‘लाकूड हलकं, मग सूर कसा लागणार?’ हा आक्षेप मला फारसा पटत नाही. इलेक्ट्रिक बेसचा आवाज मुख्यतः तारा, पिकअप, अ‍ॅम्प्लिफायर आणि वादकाची बोटं घडवतात. पिकअपची घरघर आणि सैल खुंट्या ही तक्रार खरी, पण ते भाग नंतर बदलता येतात. पिळवटलेल्या नेकवर मात्र खर्च करण्यात अर्थ नाही, तेव्हा दुकानातच ती डोळ्यांसमोर धरून पाहा. आणि अगदी स्वस्तात घेणार असाल, तर पाच तारांच्या मोहात न पडता चार तारांचीच घ्या.