ब्लू मून आणि तेरावा महिना

प्रश्न : ऑफिसात 'वन्स इन अ ब्लू मून' सतत कानावर येतं. मराठीत काय म्हणावं?
– एक वाचक, जयनगर, बंगळुरू

उत्तर : 'सठीसहामाशी'! 'धाकटा सठीसहामाशी फोन करतो' असं आपल्या आया म्हणतातच. हा शब्द घरात जपा. एका इंग्रजी महिन्यातल्या दुसऱ्या पौर्णिमेला आता ब्लू मून म्हणतात. ३१ ऑगस्ट २०२३ची तशी होती. चंद्र निळा दिसत नाही. पौर्णिमा साडेएकोणतीस दिवसांनी येते, म्हणून अशी जोडी अडीच-तीन वर्षांनी जमते. चांद्र आणि सौर वर्षांतल्या फरकामुळेच आपला अधिक मासही, म्हणजे तेरावा महिना, येतो. २०२३मध्ये अधिक श्रावण होता. मात्र 'दुष्काळात तेरावा महिना' इथे चालणार नाही. ते संकटात भर पडली की म्हणायचं.