धबधबा फुकट असतो, मग गिऱ्हाईक पैसे कशाचे देतं?

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण वन डे टूरचा धंदा घेतला. त्यातलं केर्न्सचं उदाहरण इथे जरा सविस्तर बघू.

केर्न्स म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातलं समुद्रकाठचं शहर. तिथून दिवसभराच्या अनेक सहली निघतात, आपण दोनच बघू. पहिली ॲथर्टनच्या पठारावर जाते. मिला मिला, झिली, एलिंजा हे तीन धबधबे एकाच छोट्या फेरीत होतात. मिला मिला साधारण 18 मीटर उंच, खाली पोहायला डोह. नशीब असेल तर एखाद्या ओढ्यात प्लॅटिपसही दिसतो. सहल छानच आहे, पण ज्याच्याकडे गाडी आणि परवाना आहे तो कोणीही हीच टूर काढू शकतो. मग स्पर्धा कशावर? रेटवर.

रेट पाडला की काय होतं बघा. आकडे फक्त समजण्यासाठी धरलेत, तेही रुपयांत. गाडी 12 सीटची. गाडी, ड्रायव्हर, डिझेल मिळून 14,000. जेवण, तिकिटं, गाइड माणशी 900. रेट 2,500 ठेवला तर माणशी 1,600 उरतात, म्हणजे 9 माणसं आली की खर्च निघाला. शेजाऱ्याला बघून रेट 2,000 केला तर माणशी उरले 1,100. आता 13 माणसं लागतात आणि सीट आहेत 12! गाडी फुल्ल, तरी तोटा.

दुसरी सहल उत्तरेला, सुमारे 75 किलोमीटरवर मॉसमन गॉर्जला. डेंट्रीचं हे वर्षावन 1988 पासून जागतिक वारशात आहे आणि ही कुकू यलांजी या आदिवासी समाजाची भूमी. गाड्या केंद्रापाशीच थांबतात, पुढे शटल बस. कुकू यलांजी गाइड आधी धुराचा विधी करतो, मगच पाहुण्यांना जंगलात नेतो. पानं पाण्यात चोळून फेस काढून दाखवतो (आपला रिठा आठवा), रंगीत मातीपासून रंग करतो. शेवटी चहा आणि डॅम्पर नावाचा पाव. नंतर डेंट्री नदीत बोटीतून मगरी बघायच्या. कॅसोवरी हा माणसाएवढा पक्षी दिसेल किंवा नाही, म्हणून जाहिरातीत 'हमखास' कधी लिहू नका.

आता ही माहिती ड्रायव्हरनं पाठ करून सांगितली तर? झाडांची नावं सांगता येतील हो. पण कथा त्या समाजाच्या आहेत, कोणती कोणी सांगायची हे तेच ठरवतात. 2021 मध्ये डेंट्री राष्ट्रीय उद्यानाची मालकीही ईस्टर्न कुकू यलांजींकडे परत आली, कारभार सरकारबरोबर मिळून चालतो. म्हणून शहाणा टूरवाला त्यांच्या वॉकची तिकिटं घेतो आणि तो खर्च रेटमध्ये धरतो. गिऱ्हाईक तो देतं, कारण हे भाड्याची गाडी घेऊन एकट्यानं जमत नाही.

एक धोका मात्र दोन्ही सहलींना आहे, पाऊस. डिसेंबर 2023 मध्ये जॅस्पर चक्रीवादळानंतरच्या पुरात या भागातले रस्ते तुटले. वर्षाचा हिशेब बारा महिन्यांवर मांडू नका.

भंडारदऱ्याला काजव्यांची टूर काढायची म्हणणाऱ्यांनी गृहपाठ करा. गावातल्या गाइडला त्याचा रेट आधी विचारा, तो माणशी खर्चात घाला आणि किती सीटवर खर्च निघतो ते कमेंटमध्ये टाका. पुढच्या भागात त्यातली दोन-तीन गणितं सोडवू.