मैफल पुढे ढकलली तर: काय करावे, काय टाळावे

सदलगा, बोरगाव, मलिकवाड, निपाणी भागातून कोल्हापूर, इचलकरंजी, मिरज, बेळगाव, पुण्याला गाणे ऐकायला जाणाऱ्यांसाठी.

काय करावे

• बातमी आली की आधी एकच शब्द शोधा: कार्यक्रम 'रद्द' झाला आहे की 'पुढे ढकलला' आहे.

• दोन्हींतला फरक ध्यानात ठेवा. एप्रिल २०२५ मध्ये श्रेया घोषाल यांचा सुरतचा कार्यक्रम रद्द झाला, तेव्हा पूर्ण पैसे परत देण्याचे जाहीर झाले. १० मेचा मुंबईचा पुढे ढकलला, तेव्हा जुनेच तिकीट नव्या तारखेला चालेल असे सांगण्यात आले.

• ज्या ॲपवर किंवा खिडकीवर तिकीट काढले, तिथेच खात्री करून घ्या.

• जाहीर सूचनेचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी घ्या, तारीख आणि वेळ दिसेल असा. मजकूर मागाहून बदलतो.

• परतावा मागण्याची मुदत भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. गप्प राहिलात तर नवी तारीख तुम्हाला मान्य आहे असे धरले जाऊ शकते.

• बुकिंग क्रमांक, पैसे गेल्याचा मेसेज आणि यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक एकाच ठिकाणी ठेवा. बँकेत गेल्यावर पहिला प्रश्न याच क्रमांकाचा असतो.

• तिकीट काढताना मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. नेट सेंटरवाल्याचा ईमेल दिला, तर परताव्याची सूचनाही त्याच्याकडेच जाईल.

• दहा जणांची तिकिटे एकाने काढली असतील तर कोणाचे किती, हे वहीत लिहून ठेवा; पैसे ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात एकरकमी परत येतात. आमच्या गल्लीतल्या सात जणांचा परतावा असाच एकाच्या खात्यात येऊन पडला होता, त्याने सिम बदलल्यामुळे मेसेज दिसला नाही, आणि दोन महिने सातही जण आयोजकांना बोल लावत राहिले.

• ज्या खात्यातून पैसे गेले ते बंद झाले असेल तर कंपनीला आणि बँकेला ताबडतोब लेखी कळवा.

• खिडकीवरचे कागदी तिकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि दोन्ही बाजूंचा फोटो काढा. ठशाची शाई पावसात पसरते, आणि खिडकीवरचा माणूस आधी क्रमांकच बघतो.

• ठिकाण तेच आहे ना, हेही पाहा. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले, आणि कोल्हापूरच्या कार्यक्रमांना दुसऱ्या जागा शोधाव्या लागल्या.

• जुलै-ऑगस्टमधले तिकीट काढण्यापूर्वी परताव्याच्या अटी दोनदा वाचा. कार्यक्रम वेळेवर झाला आणि पुरामुळे तुम्हीच पोहोचला नाहीत, तर पैसे परत मिळण्याची आशा फार थोडी.

• निघायच्या दिवशी सकाळी दूधगंगेच्या पाण्याची चौकशी करा. मलिकवाड-दत्तवाड पूल बुडाला की वळसा पडतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गच बंद पडला होता.

• महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर वातावरण तापले असेल तर परतीच्या गाडीची सोय आधी करा; फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या बसगाड्या बंद झाल्या होत्या, आणि रात्री बाराला कोगनोळीला अडकलेल्या माणसाला घर अगदी जवळ असूनही फार लांब असते.

• राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला की आयोजकांना फोन करूनच निघा, डॉ. मनमोहन सिंग यांच्या निधनानंतर २६ डिसेंबर २०२४ पासून तो सात दिवस होता, ऐन कार्यक्रमांच्या हंगामात.

• रेल्वेचे आणि एसटीचे आरक्षण लगेच रद्द करा. जितका उशीर, तितकी कपात.

• नव्या तारखेला जमणार नसेल तर तसे मुदतीत लेखी कळवा. फोनवरचे बोलणे पुरावा ठरत नाही.

• उत्तर आले नाही तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते.

• तिथेही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर बोला, आणि मराठीतच बोला. ती सोय आहे.

• कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेत त्या व्यवहाराबद्दल वाद नोंदवा. याला चार्जबॅक म्हणतात, आणि त्यालाही मुदत असते.

• शेवटी ग्राहक आयोगात जा, आणि तो बेळगावचाच निवडा. तिकीट पुण्याचे, कंपनी मुंबईची असली तरी २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील लागतोच असे नाही, मुदत दोन वर्षे.

• लहान संस्थेचा कार्यक्रम असेल आणि तुम्हाला परवडत असेल, तर पैसे परत न मागता नव्या तारखेला जा. हॉलचे भाडे, मांडव, साउंड यांची आगाऊ रक्कम त्यांनी पदरची भरलेली असते. मोठ्या कंपनीला मात्र एक रुपयाही सोडू नका.

• धीर धरण्यासारखे असेल तिथे धरा. करोनात सलग दोन डिसेंबर सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाविना गेले. डिसेंबर २०२२ मध्ये पुण्यात मुकुंदनगरला मांडव पुन्हा उभा राहिला.

• तोवर गाणे ऐकत राहा. मिरजेला मिरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. तिला तिकीट नाही.

काय टाळावे

• व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पोस्टरवर विसंबू नका. मागच्या वर्षीचे पोस्टरही पुन्हा फिरते.

• गूगलवर सापडलेला 'कस्टमर केअर' नंबर लावू नका. त्यात बनावट नंबर पेरलेले असतात. ॲपच्या आत दिलेलाच वापरा.

• परतावा घेण्यासाठी यूपीआय पिन टाकू नका. पिन पैसे पाठवायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही.

• परताव्याचा क्यूआर कोड आला तर स्कॅन करू नका, कारण तेच.

• फोनवरच्या माणसाने सांगितले म्हणून कुठलेही ॲप टाकू नका. तुमचा मोबाईल तो तिकडे बसून बघेल.

• ओटीपी कोणालाही सांगू नका, 'रिफंड डिपार्टमेंट' म्हणवणाऱ्यालाही नाही.

• फसलात तर लाजेने गप्प बसू नका. त्याच तासात १९३० ला फोन करा, पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येतात.

• नको झालेल्या तिकिटाचा फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. त्यावरचा कोड उतरवून दुसराच माणूस आत जाऊन बसतो.

• अनोळखी माणसाकडून जास्त पैसे देऊन तिकीट घेऊ नका. कार्यक्रम रद्द झाला तर परतावा मूळ खरेदीदाराला जातो. तुमच्या हातात काहीच उरत नाही.

• पैशांऐवजी कूपन देऊ केले तर घाईने 'हो' दाबू नका. आधी त्याची मुदत बघा, आणि ते सदलग्याच्या माणसाला वापरता येईल अशा गावात चालते का तेही बघा.

• कन्व्हिनियन्स फी परत मिळेलच असे गृहीत धरू नका. ते अटींत लिहिलेले असते.

• तारीख पक्की होण्याआधी लॉजचे पैसे भरू नका.

• रेल्वेचे तत्काळ तिकीट काढून ठेवू नका. ते पक्के झाल्यावर रद्द केले तर पैसे परत नाहीत.

• आठ दिवस झाले नाहीत तोच बँकेत जाऊन भांडू नका. परतावा खात्यात उमटायला कामाचे पाच-सात दिवस लागू शकतात.

• आणि 'जाऊ दे, पाचशे रुपयांसाठी कोण भांडणार' असेही म्हणू नका. घरातल्या चौघांचे दोन हजार होतात.

• खिडकीवर बसलेल्या पोराला शिव्या देऊ नका. तो रोजंदारीवर असतो, तारीख त्याने बदललेली नसते.

• गायकाच्या आजारपणावर शंका घेणारे काही लिहू नका. बसलेल्या गळ्याने गायला लावणे हा त्या माणसाचा आणि गाण्याचा, दोघांचाही अपमान आहे.

• तबलजी, पेटीवाले, साउंडवाले यांच्यावर राग काढू नका. कार्यक्रम पुढे गेला की त्या रात्रीची त्यांची बिदागीही पुढे जाते.

• पाणी असलेल्या पुलावर गाडी घालू नका, पहिल्या रांगेचे तिकीट असले तरी.

• म्हाताऱ्या माणसांना नवी तारीख नुसती फोनवर सांगून मोकळे होऊ नका. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून द्या.

• पैसे खात्यात दिसेपर्यंत तिकीट फाडू नका.