नेम सुटला, नाम उरलं

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या अंकासाठी काहीतरी लिहा, असं मंदिरातली मंडळी दोन वर्षांपासून म्हणत होती. मी टाळत आलो. अनुभव म्हटला की वाचकाला चमत्काराची अपेक्षा असते, आणि माझ्यापाशी चमत्कार नाही. उलट एक मागणं पुरं न झाल्याची हकीकत आहे. पण यंदा आमची धाकटी लेक आणि जावईबापू जर्मनीला गेले. निघण्याच्या आदल्या रात्री लेक विचारू लागली, "बाबा, तिकडं देवाचं काय काय करायचं?" तिला सांगायला बसलो आणि बोलणं मध्यरात्रीपर्यंत चाललं. तेच इथे लिहितो.

आम्ही गंगाखेडचे. 1993 च्या जून महिन्यात मी आणि सौ. मस्कतला गेलो. लग्नाला दीड महिना झालेला. मला तिथे हिशेबनीसाची नोकरी लागली होती. आमच्या घरातून समुद्रापलीकडे कोणी गेलेलं नव्हतं. आईने मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि सोजी बांधून दिली. आमचे वडील, त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो, स्टेशनवर पोचवायला आले. गाडी दिसू लागली तसं त्यांनी दत्ताची लहान तसबीर, चौदाव्या अध्यायाची पुस्तिका आणि अंगाऱ्याची पुडी माझ्या हातात दिली. म्हणाले, "चौदावा सोडू नको. तिन्हीसांजेला दिवा लाव अन् करुणात्रिपदी म्हण. बाकीचं महाराज बघतील."

चौदावा का, हे दत्तभक्तांना सांगायला नको. श्रीगुरुचरित्रातला सायंदेव यवन अधिकाऱ्याच्या चाकरीत होता. त्याने बोलावलं आहे, आज प्राण जाणार, अशा भीतीने तो श्रीगुरूंच्या पायाशी आला. श्रीगुरूंनी अभय देऊन त्याला तिकडेच पाठवलं, आणि ज्याच्या हातून मरण येणार त्यानेच वस्त्रं देऊन सन्मानाने परत पाठवलं. परक्या ठिकाणी पोटासाठी जाणाऱ्याच्या मनातली भीती त्या अध्यायात आहे. म्हणून आण्णांनी तोच दिला.

पहिले दिवस फार जड गेले. उन्हाळा असा की दुपारी दाराची कडी हाताला चटका द्यायची. एक खोली, एक मोरी आणि गॅसची शेगडी. मी सकाळी जायचो तो अंधार पडता यायचो. सौ. दिवसभर एकटी. भाषा येईना, ओळख कोणाची नाही. तिने सामानाचं रिकामं खोकं उपडं केलं, त्यावर धुतलेला टॉवेल घातला आणि तसबीर ठेवली. तेच आमचं देवघर.

मस्कतचं घड्याळ भारतापेक्षा दीड तास मागे असतं. आमच्याजवळ लग्नात आलेलं एक गजराचं घड्याळ होतं. सौ. म्हणाली, "अहो, हे आपण गंगाखेडच्याच वेळेवर ठेवू." तिकडे आरतीची वेळ झाली की इकडे ती एकटीच निरांजन लावून नाम घ्यायची. रात्री मी आल्यावर हातपाय धुऊन चौदावा वाचायचो, ती ऐकायची. मग दोघं मिळून करुणात्रिपदी म्हणायचो. त्या अर्ध्या तासात खोली घरासारखी वाटायची. खरं सांगतो, त्याच आधारावर दिवस निघायला लागले.

एकोणिसाव्या दिवशी कार्यालयात भावाचा फोन आला. आण्णा पहाटे गेले.

मी साहेबांकडे धावलो. ते चांगल्या मनाचे होते, पण माझा पासपोर्ट राहण्याच्या परवान्यासाठी सरकारी कचेरीत गेलेला होता. तो परत यायला आठ-दहा दिवस तरी लागणार होते. त्या दिवशी मी मनातल्या मनात किती वेळा चौदावा म्हटला ते मोजलं नाही. वाटत होतं, सायंदेवाला सोडवलं तसं मलाही सोडवतील. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. पासपोर्ट आला नाही. तिकडे भावाने अग्नी दिला.

घरी आलो. दोघांनी अंघोळ केली. सौ. सवयीने वात करायला बसली आणि मधेच थांबली. सुतक! दहा दिवस पूजा नाही, पोथी नाही. ज्या दिव्यावर आम्ही तग धरून होतो तो आता लावायचाही नव्हता. मी तसबिरीवर पंचा टाकला. घड्याळात गंगाखेडची आरतीची वेळ होऊन गेली होती. त्या रात्री मला महाराजांचा राग आला, हे आज या अंकात कबूल करतो.

दार वाजलं. शेजारी केरळकडचं एक कुटुंब राहायचं, त्यातल्या बाई. आमची ओळख जिन्यात हसण्यापुरती. रडणं ऐकून त्या भाताची पेज आणि लोणचं घेऊन आल्या होत्या. आपल्याकडे सुतकाच्या घरी शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणतात ना, तसंच. एकमेकींची भाषा कळत नव्हती. त्या सौ.च्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. त्यांच्या गळ्यात क्रूस होता.

त्या गेल्यावर सौ. म्हणाली, "दिवा नाही लावता येत. पण नामाला कुठं सुतक असतं?" मग अंधारात बसून आम्ही दोघांनी नुसतं 'श्रीगुरुदेव दत्त' म्हटलं. दहा दिवस तेवढंच केलं. दहाव्या दिवशी समुद्रावर जाऊन मी तिलांजली दिली. अकराव्या दिवशी पुन्हा निरांजन लागलं.

पुढच्या वर्षी दत्तजयंतीला रजा घेऊन गावी आलो. आण्णांचे एक स्नेही होते, मी त्यांना काका म्हणायचो. गोदावरीच्या घाटावर त्यांच्यापाशी बसलो आणि वर्षभर मनात ठेवलेलं विचारलं, "काका, चौदावा एक दिवस चुकवला नव्हता. मग असं का?"

काका थोडा वेळ पाण्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बाबा, ह्या घाटावर बसून हे विचारायलास का?"

त्यांचा रोख मला कळला. गंगाखेडच्या पोरांना ही गोष्ट पाठ असते, पण तोवर मी ती नुसती पाठच केली होती.

श्रीवासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराज संन्यासापूर्वी कोकणातल्या माणगावचे वासुदेवशास्त्री होते. 1854 चा त्यांचा जन्म. माणगावी त्यांनी दत्तमंदिर उभारलं, सात वर्षं तिथे सेवा केली आणि 1889 मध्ये दत्तप्रभूंच्या आज्ञेने बसतं ठिकाण सोडून निघाले. सोबत पत्नी अन्नपूर्णाबाई. कोकणातली लाल माती सोडून हे जोडपं परक्या मुलखातून फिरत फिरत 1891 मध्ये आपल्या गंगाखेडला गोदातीरी आलं. इथेच अन्नपूर्णाबाईंनी देह ठेवला, आणि त्यानंतर लगेच इथेच शास्त्रीबुवांनी संन्यास घेतला.

आता श्रीगुरुचरित्राचा तिसावा ते बत्तिसावा अध्याय आठवा. माहूरच्या गोपीनाथाचा मुलगा आजारी पडतो. त्याची पत्नी सावित्री सासूसासऱ्यांचा निरोप घेऊन त्याला गाणगापूरला नेते. पोचतात तोच पती प्राण सोडतो. ती सती जायला निघते, आणि शेवटी श्रीगुरूंच्या कृपेने पती उठून बसतो.

दोन्ही जोडपी घर सोडून निघालेली. दोघांचीही निष्ठा दत्तचरणी. माहूरच्या सावित्रीला पती परत मिळाला. गंगाखेडला अन्नपूर्णाबाई परत आल्या नाहीत. ज्यांनी श्रीगुरुचरित्र संस्कृतात आणलं, त्या महापुरुषाच्या घरी हे घडलं. मग कृपा कोणावर जास्त झाली, असं मोजता येईल का? काका म्हणाले, "सावित्रीचा संसार महाराजांनी उभा केला. शास्त्रीबुवांचा संसार घेतला अन् त्यांना साऱ्या जगाच्या हवाली केलं. तुला काय द्यायचं ते तुझ्या मागण्यावर थोडंच आहे!"

पुढची दोन तपं टेंबे स्वामी पायी फिरले आणि 1914 मध्ये नर्मदाकाठी गरुडेश्वरला समाधिस्थ झाले. आज घरोघरी तिन्हीसांजेला म्हटली जाणारी करुणात्रिपदी त्यांचीच. मस्कतच्या खोलीत आम्ही रोज ती म्हणत होतो, पण ती रचणाऱ्याने माझ्याच गावच्या घाटावर काय गमावलं होतं, हे तिथे एकदाही मनात आलं नव्हतं. आपल्याच जिल्ह्यात पाथरी तालुक्यातल्या गुंजला गेलात तर त्यांचे शिष्य योगानंद सरस्वती, म्हणजे गांडा महाराज, आठवतात. तेही मूळचे गुजरातचे, आणि स्थिरावले आपल्या गोदाकाठी. गंगाखेडची जनाबाई तर लहानपणीच पंढरपूरला नामदेवांच्या घरी गेली. आपल्या दैवतांच्या आणि संतांच्या कथांत घर सोडणं पावलोपावली आहे.

लेकीला मी शेवटी तीन गोष्टी सांगितल्या. ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांनीही त्या सांगाव्यात, असं वाटतं.

पहिली, नेम लहान घ्यावा. जावईबापूंनी एक अध्याय वाचावा, तिने ऐकावा, एक दिवा लावावा. मोठा संकल्प परक्या ठिकाणी चार दिवसांत मोडतो आणि मन खट्टू होतं.

दुसरी, नेम कधीतरी सुटणारच. सुतक येईल, आजारपण येईल, कामाच्या वेळा बदलतील. तेव्हा देव रुसला असं समजू नये. नामाला जागा, वेळ, सोवळं काही लागत नाही. नेम चालू असतानाच नामाची सवय लावून घ्यावी, म्हणजे वेळेला ते आपोआप तोंडात येतं.

तिसरी, शेजाऱ्याशी बोलावं. मी पासपोर्टाची वाट पाहत बसलो आणि महाराज पेजेचं भांडं घेऊन दारात आले. त्यांना ओळखायला मला एक वर्ष आणि गोदावरीचा घाट लागला.

लेकीच्या सामानात तीच तसबीर दिली आहे. कोपऱ्याला मस्कतच्या तेलाचा डाग आहे. सौ.ने ते जुनं गजराचं घड्याळही घातलं. ते आता चालत नाही, पण लेक म्हणाली, "राहू दे आई, सेल टाकून बघते." परवा तिचा फोन आला. घड्याळ काही चालू झालं नाही, पण मोबाईलवर तिने गंगाखेडची वेळ लावून ठेवली आहे. जिन्यात एक आजीबाई भेटतात, त्यांना तिने साजूक तुपातला शिरा नेऊन दिला.

आण्णा म्हणाले होते तसं, बाकीचं महाराज बघतील.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥