कळसूबाईहून ठेंगणे डोंगर: स्कॉटलंडमधील हिवाळी भटकंती

उच्च शिक्षणासाठी एडिनबरो किंवा ग्लासगो येथे गेलेल्या सह्याद्रीतील भटक्याची पहिली फसगत होते ती तेथील डोंगरांची उंची वाचून. ब्रिटनमधील सर्वोच्च शिखर बेन नेव्हिस १,३४५ मीटर उंच, म्हणजे कळसूबाईपेक्षा तीनशे मीटरांनी ठेंगणे आहे. परंतु त्याची चढाई जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते, आणि ते इतक्या उत्तरेला आहे की हिवाळ्यात त्याच्या माथ्यावर बर्फ, वारा व धुके यांचेच राज्य असते. केर्नगॉर्म शिखरावर २० मार्च १९८६ रोजी वाऱ्याचा वेग ताशी १७३ मैल, म्हणजे सुमारे २७८ किलोमीटर इतका नोंदला गेला होता. त्यामुळे तेथील मोहीम आखताना उंचीऐवजी उजेडाचे तास आणि वाऱ्याचा वेग ही दोन मापे आधी पाहावीत.

डिसेंबरच्या उत्तरार्धात एडिनबरो येथे सूर्य सकाळी पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी पावणेचारच्या आत मावळतो. सह्याद्रीत त्या दिवसांत मिळणारा सुमारे अकरा तासांचा उजेड तेथे जेमतेम सात तासांवर येतो. चालीचा हिशेब करण्यासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला नियम आजही वापरला जातो. त्यानुसार सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास धरावा आणि दर सहाशे मीटर चढाईसाठी आणखी एक तास मिळवावा. बारा किलोमीटर वाट व सहाशे मीटर चढाई यांना या नियमाने साडेतीन तासांच्या आत वेळ पुरतो. मात्र बर्फ, मोठा गट आणि थांबे लक्षात घेता त्यात निम्म्याने भर घालणेच शहाणपणाचे ठरते, म्हणजे पाच तास होतात आणि हाताशी दोनच तास उरतात. म्हणूनच माथा गाठला असो वा नसो, परत फिरण्याची घटिका निघण्यापूर्वीच ठरवावी व ती गटातील प्रत्येकाला सांगावी.

ठिकाणाची निवडही याच हिशेबाने करावी. तीन हजार फुटांहून उंच स्कॉटिश शिखरांना, ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीवरून, ‘मन्रो’ म्हणतात. आज अशी २८२ शिखरे मोजली जातात आणि ती एकेक करून ‘सर’ करण्याचे वेड विद्यार्थ्यांनाही लवकर जडते. पण पहिल्या हिवाळ्यात या यादीकडे पाठ फिरवणेच बरे. एडिनबरोलगतच्या पेंटलंड टेकड्यांत कार्नेथी (५७३ मीटर) आणि स्कॉल्ड लॉ (५७९ मीटर) ही शिखरे एकाच धारेवर असून खालच्या दरीत तलावांच्या काठाने रस्ता जातो, त्यामुळे हवा बिघडल्यास उतरून जाण्याची सोय राहते. या टेकड्याही कमी लेखू नयेत, कारण तापमान शून्य अंश असताना ताशी ५० किलोमीटर वेगाचा वारा अंगाला उणे आठ अंशांसारखा झोंबतो.

बर्फाळ उंच शिखरांवर क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांखाली बांधायचे पोलादी दात, आणि बर्फकुऱ्हाड लागते. ही साधने नुसती विकत घेऊन भागत नाही, ती वापरण्याचे शिक्षण घ्यावे लागते, आणि ते एव्हीमोरजवळच्या ग्लेनमोर लॉजसारख्या संस्थेत मिळते. स्कॉटलंडमधील सहा पर्वतक्षेत्रांसाठी हिवाळ्यात हिमस्खलनाचा अंदाजही प्रसिद्ध होतो. तो न वाचता तीव्र उतारांवर जाऊ नये, तसेच वाऱ्याने कड्याच्या ओठावर साचवलेल्या बर्फाच्या छज्ज्यांपासून दूर राहावे, कारण त्यांच्याखाली आधार नसतो.

जीन्स आणि सुती कपडे घरीच ठेवावेत. सूत ओले झाले की ऊब देत नाही. आत घाम शोषून बाहेर टाकणारा, मध्ये ऊब देणारा आणि वर वारा-पाऊस अडवणारा असे तीन थर, जोडीला सुके हातमोजे व प्रत्येकाचा स्वतंत्र हेडटॉर्च असावा. थंडीत मोबाइलची बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून तो अंगाजवळच्या खिशात ठेवून कागदी नकाशा व होकायंत्र बाळगावे. खाण्यासाठी चिक्की किंवा शेंगदाण्याचे लाडू घेणारे मराठी विद्यार्थी तिथल्या चॉकलेटवाल्यांच्या कुठेही मागे पडत नाहीत.

गटाचा वेग सर्वांत मंद सदस्य ठरवतो, आणि बॅकलीड, म्हणजे सर्वांत शेवटी चालणारा अनुभवी सहकारी, त्याच्याही मागे असावा. कुणी अडखळू लागला, बोलताना शब्द चुकू लागले, तर शरीराचे तापमान ३५ अंशांखाली जात असल्याची शंका घ्यावी. हुडहुडी अचानक थांबणे हे बरे होण्याचे नव्हे, धोक्याचे लक्षण असते. नोव्हेंबर १९७१ मध्ये केर्नगॉर्म पठारावर एडिनबरोच्या एका शाळेतील पाच विद्यार्थी व त्यांच्यासोबतची अठरा वर्षांची सहायक असे सहाजण हिमवादळात मृत्यू पावले. त्यांचा गट पठारावरच्या एका छोट्या निवाऱ्याकडे निघाला होता, पण वादळात तो गाठता आला नाही. असे निवारे लोकांना अवघड जागी ओढून नेतात आणि बर्फाखाली दडूनही जातात, हे ओळखून तो पुढे काढून टाकण्यात आला.

संकटात ९९९ वर पोलिसांना आणि त्यांच्यामार्फत माउंटन रेस्क्यूला बोलवावे. हे पथक स्वयंसेवकांचे असून मदतीचे पैसे घेत नाही. आवाज वा उजेडाने खूण द्यायची तर मिनिटाला सहा शिट्या किंवा टॉर्चचे सहा झोत, मग मिनिटभर विश्रांती, हा क्रम ठेवावा. निघताना वाट व परतीची वेळ शहरातील एका व्यक्तीला लिहून द्यावी, आणि उतरल्यावर चहा पिण्याआधी तिला फोन करावा, नाहीतर रात्री आठला हे स्वयंसेवक विनाकारण घराबाहेर पडतात.